नागपुरात बाईकचा सेल्फ ‘टक्-टक्’ करतोय. बॅटरी बदलू, की आधी आणखी काही तपासू?

तुम्ही लिहिलंय: १२५ सीसीची बीएस-६ गाडी, तीन वर्षं झाली, बॅटरी कंपनीचीच. मनीषनगरातून ऑफिस तीन-चार किलोमीटर, तिथे गाडी दिवसभर उघड्यावर. मे महिन्यापासून सकाळी सेल्फ दाबला की नुसता टक्-टक् आवाज. मेकॅनिक म्हणाला, बॅटरी गेली, नवी टाका. ती बदलावीच लागेल का, घरी बदलता येते का आणि नवी जास्त कशी टिकेल, असे तुमचे तीन प्रश्न.

बदलावी लागण्याची शक्यता बरीच आहे. पण मोजल्याशिवाय बदलू नका. बॅटरी गेली हे एक, आणि ती कशाने गेली हे दुसरं. दुसरं न बघता नवी टाकली तर तीही लवकरच त्याच वाटेने जाते. सक्करदऱ्याजवळ माझ्या काकांचं बॅटरीचं दुकान आहे, संध्याकाळी मी तिथेच असतो. गिऱ्हाईक बिल घेऊन चिडून परत येतं, तेव्हा खोट बऱ्याचदा गाडीच्या चार्जिंगमध्ये किंवा वायरिंगमध्ये निघते. तोवर त्याचे पैसे गेलेले असतात, आणि ते टाळता आले असते याची मला मनापासून हळहळ वाटते.

पहिली तपासणी फुकटची आहे. सीट किंवा साइड पॅनल काढा आणि बॅटरीचे दोन्ही टर्मिनल बोटाने हलवून बघा. आपल्या रस्त्यांवरच्या गचक्यांनी नट ढिले होतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तरी करंट पुरेसा जात नाही, आणि सेल्फ अगदी तुम्ही म्हणता तसाच टकटकतो. काका प्रत्येकाला आधी हेच विचारतात, “काहून घेता भाऊ नवी? नट तर आवळून पाहा!” त्याच वेळी मीटरवरचा न्यूट्रलचा दिवाही बघा. सेल्फ दाबल्यावर तो मंद होत असेल, विझत असेल, तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवा ठणठणीत राहून एकच ‘टक्’ येत असेल तर रिले (सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा स्विच) किंवा सेल्फच्या मोटरचे कार्बन ब्रश बघायला हवेत. तिथे नवी बॅटरी टाकून काही उपयोग नाही.

आता मल्टिमीटर. साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि घरात इतर दहा कामांना येतो. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून तीन आकडे घ्या.

पहिला आकडा सकाळी, किल्ली न लावता. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. नुकत्याच चालवलेल्या गाडीचा व्होल्टेज फुगलेला दिसतो. १२.६ ते १२.८ म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. रात्रभर नीट चार्ज करूनही ती साडेदहाच्या आसपासच थांबत असेल तर विषय संपला. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे दोनच्या जरा वर व्होल्ट. दोन व्होल्ट कमी पडले म्हणजे एक सेल मेला, आणि तो कोणी जिवंत करून देत नाही.

दुसरा आकडा सेल्फ दाबताना. मीटर लावलेलाच ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. भरलेली, धडधाकट बॅटरी दहाच्या वर राहते. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच आठ-नऊवर कोसळत असेल तर आतल्या प्लेटा संपल्या आहेत. वरून भरलेली दिसते, पण ताकद नाही.

तिसरा आकडा लोक घेतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. गाडी सुरू करा (सेल्फने होत नसेल तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या), हेडलाइट चालू ठेवा, रेस चार हजार आरपीएमच्या आसपास नेऊन व्होल्टेज बघा. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवा. इंजिनातली चार्जिंग कॉइल एसी करंट बनवते. आरआर युनिट (रेक्टिफायर-रेग्युलेटर) त्याचा डीसी करून त्याला मर्यादेत ठेवतं. रेस देऊनही आकडा तेराच्या खाली असेल तर बॅटरी उपाशी राहतेय: कॉइल, आरआर युनिट किंवा मधला कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सॉकेट) बघा. हा कपलर उष्णतेने पिवळा-काळा पडलेला, वितळलेला मी कितीतरी गाड्यांत पाहिलाय. आकडा पंधराच्या वर जात असेल तर आरआर युनिट खराब आहे आणि ते बॅटरी उकळतंय. अशा गाडीत बाजारातली सगळ्यात महाग बॅटरी टाकली तरी थोड्याच दिवसांत तिचं पोट फुगेल.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज सांगतो. चार्जिंग बहुधा ठीक निघेल, आणि बॅटरी दोन गोष्टींनी संपली असेल: छोट्या फेऱ्या आणि ऊन. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो. त्यात सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहायचं, इंजिन आयडलवर, म्हणजे चार्जिंग जेमतेम. सेल्फने जेवढं खाल्लं तेवढं भरून यायच्या आत ऑफिस येतं. बॅटरी रोज थोडी उपाशी राहते, आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. ते एकदा घट्ट झाले की चार्जरनेही पुरते निघत नाहीत.

राहिलं ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि तो आकडा सावलीतला. उघड्यावरच्या गाडीच्या सीटखाली, तापलेल्या इंजिनाच्या शेजारी काय होत असेल ते सांगायला नको. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यात ती आपोआप उतरण्याचा वेगही आला आणि प्लेटा झिजण्याचाही. म्हणून नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, खालावलेली बॅटरी कधीकधी पावसाळाभर कशीबशी चालते आणि डिसेंबरच्या गारठ्यात, ऑइल घट्ट असताना, एका सकाळी हात वर करते. लोक थंडीला दोष देतात. तुमची मे महिन्यातच बोलू लागली हे एका परीने बरंच झालं.

बदलायचं ठरलं तर घरी सहज जमतं. किल्ली बंद करून बाजूला ठेवा. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर सोडायची, मग लाल. लावताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम महत्त्वाचा आहे. गाडीची सगळी चेसिस निगेटिव्हला जोडलेली असते. काळी वायर लागलेली असताना लाल टर्मिनल सोडायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, तर थेट शॉर्ट. पाना लालबुंद होतो, हात भाजतो. वायरी उलट्या लावल्या तर फ्यूज उडेल, नशीब वाईट असेल तर आरआर युनिट किंवा ईसीयूही (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाईल. म्हणून सोडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

एक छोटी अडचण येते, ती आधीच सांगतो. छोट्या बॅटरीच्या टर्मिनलमध्ये नट नुसता ठेवलेला असतो. तो खाली बसतो आणि वरून बोल्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नटाखाली रबराचा किंवा फोमचा छोटा तुकडा सरकवा, नट वर उचलला जातो आणि बोल्ट पहिल्या झटक्यात धरतो. घट्ट करताना जोर लावू नका, टर्मिनल शिशाचं असतं, मऊ. शेवटी बोटभर पेट्रोलियम जेली वरून चोपडा. जुन्या भुकटीसाठी पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा आणि कोरडं पुसा. तुमची बॅटरी झाकणांची (वरून पाणी घालायची) असेल तर ते पाणी आत जाऊ देऊ नका.

नवी घेताना जुनीवरचा नंबर आणि अँपिअर-अवर बघून तीच घ्या. तुमच्या वर्गातल्या गाड्यांना साधारण ३ ते ५ एएचची बसते. “मोठी टाका, जास्त चालेल” असं कोणी म्हणेल. गाडीची चार्जिंग कॉइल तेवढीच राहते, त्यामुळे तुमच्यासारख्या छोट्या फेऱ्यांत मोठ्या बॅटरीचा काही फायदा नाही. बनल्याची तारीख बघा आणि दुकानातच मीटर लावायला सांगा. बंद, मेंटेनन्स-फ्री बॅटरी १२.५ च्या खाली दाखवत असेल तर दुसरी मागा किंवा चार्ज करून घ्या. ॲसिड ओतून द्यायची बॅटरी असेल तर ॲसिड भरल्यावर अर्धा तास मुरू द्यायची आणि मग क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे ५ एएचला अर्ध्या अँपिअरने, सावकाश पहिलं चार्जिंग करायचं. घाईत हे गाळलं की तिची पूर्ण क्षमता सुरुवातीपासूनच मिळत नाही. असलं चार्जिंग कारच्या मोठ्या चार्जरवर लावू देऊ नका. छोटी बॅटरी त्यावर उकळते.

निगा फार नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलात तरी पुरे. ते जमत नसेल तर आपोआप बंद होणारा बाईकचा चार्जर घ्या आणि महिन्यातून एक रात्र लावा. ऑफिसात झाडाखाली जागा मिळत असेल तर शंभर पावलं जास्त चाला. मोबाइल चार्जर, जीपीएस, अलार्म बॅटरीवर थेट जोडलेले असतील तर ते किल्लीच्या लाइनवर घ्या, नाहीतर गाडी उभी असतानाही ते प्यायला बसतात. महिनाभर गावी जाणार असाल तर काळी वायर सोडून जा. झाकणांची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघा, वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये हवी. कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ॲसिड नाही, आरओचं पाणी तर नाहीच. त्यात क्षार उरलेले असतात.

आणि हो, सेल्फवर अंगठा दाबून धरू नका. दोन-तीन सेकंद, मग थोडं थांबा, मग पुन्हा. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार बसली की पंपाला आणि ईसीयूलाच करंट पुरत नाही, त्यामुळे धक्का मारूनही गाडी सहसा सुरू होत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवर विसंबल्यासारखं हिच्यावर विसंबता येत नाही.

जुनी बॅटरी गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. ती फोडून ॲसिड नालीत ओतलं जातं आणि शिसं मातीत राहतं, जिथे पोरं खेळतात. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे; दुकानात एक्स्चेंजला दिलीत तर नवीच्या किमतीतून पैसेही कमी होतात. बिलावर सिरीयल नंबर आणि तारीख लिहून घ्या, त्याचा फोटो काढून ठेवा, कारण दुकानातली शाई वर्षभरात उडते आणि वॉरंटीच्या वेळी तोच नंबर लागतो.