५जी मधे एसडीएन आणि एनएफव्ही म्हणजे एकच का?

नाही, एकच नाहीयेत, पण कायम जोडीने येतात म्हणून गोंधळ होतो. एसडीएन (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग) म्हणजे डेटाचं पॅकेट कुठं पाठवायचं हे ठरवणारं डोकं स्विचमधून काढून एका सॉफ्टवेअर कंट्रोलरकडे द्यायचं, मग स्विच फक्त सांगितलेलं काम करतो, २००८ मधे स्टॅनफर्डमधून ओपनफ्लो (कंट्रोलरने स्विचला सूचना द्यायची पद्धत) आलं तिथून याला खरा जोर आला. एनएफव्ही (नेटवर्क फंक्शन्स व्हर्च्युअलायझेशन) वेगळं, गेटवे, फायरवॉल असली कामं आधी खास बनवलेल्या महागड्या डब्यांत चालायची ती साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवायची, २०१२ मधे मोठ्या ऑपरेटर कंपन्यांनी मिळून हा विचार मांडला.

आता ५जी कोअरमधे, म्हणजे टॉवरच्या मागच्या मुख्य नेटवर्कमधे बघा, एसएमएफ नावाचा भाग सेशन (फोनचं डेटा कनेक्शन) सांभाळतो आणि यूपीएफ नावाचा भाग प्रत्यक्ष डेटा वाहतो, म्हणजे डोकं आणि हात वेगळे, तीच एसडीएनवाली कल्पना. आणि एनएफव्हीमुळे दोन्ही सॉफ्टवेअर असल्यामुळे यूपीएफ टॉवरच्या जवळच्या सर्व्हरवर नेता येतं, डेटाला लांबचा फेरा पडत नाही, लेटन्सी (डेटा पोचायला लागणारा वेळ) कमी होते. मला तरी सगळ्यात महत्त्वाचा फायदा हाच वाटतो.

स्लायसिंग पण यावरच उभं आहे, एकाच हार्डवेअरवर व्हिडिओसाठी एक, फॅक्टरीतल्या रोबोटसाठी एक, सेन्सरसाठी एक असं वेगवेगळं नेटवर्क. फक्त एक लक्षात ठेवा, स्लाइस केल्याने स्पेक्ट्रम (वापरायला मिळालेल्या रेडिओ लहरी) वाढत नाही, एकाला राखून ठेवलं की गर्दीच्या वेळी दुसऱ्याला कमी पडणारच.