कथेत उत्कंठा वाढवण्यासाठी लेखक कोणती तंत्रं वापरतात?

सगळ्यात परिणामकारक तंत्र माझ्या मते हे: वाचकाला पात्रांपेक्षा जास्त माहिती द्यायची. माहिती लपवली की कुतूहल वाढतं, पण दिली की धाकधूक लागते.

समजा, गोष्ट पुण्यात नारायण पेठेतल्या, नदीजवळच्या वाड्यात घडते आणि पहिल्याच ओळीत तारीख येते: १२ जुलै १९६१. त्या सकाळी पानशेत धरण फुटलं हे वाचकाला ठाऊक आहे, वाड्यात कुणालाच नाही. आई चहाचं आधण ठेवते, आजोबा पूजेला बसतात, धाकट्याची वही सापडत नाही. काहीच घडत नाही, तरी वाचणाऱ्याचा जीव वरखाली होतो. इथे घाई करू नका. वही शोधण्याला अख्खा परिच्छेद द्या!

मग मुदत घाला: पाणी पेठेत शिरायच्या आत मोठ्या मुलाला शाळेतून आणायचंय. प्रकरण ऐन मोक्यावर तोडणं हेही चालतं, पण दर वेळी तेच केलं तर वाचक सरावतो. आणि धाकट्याच्या त्या वहीत काय आहे, ती त्याला इतकी का हवीय, हे पाणी येण्याआधीच सांगून ठेवा.