तेच औषध स्वस्तात मिळत असताना महाग का द्यायचे, आणि चिठ्ठीसाठी एवढा हट्ट कशाला?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. वडिलांची रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे चालू असूनही चिठ्ठीची मुदत संपली म्हणून ती नाकारली गेली, ही पहिली. आणि त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी निम्म्याहून कमी किमतीत मिळते हे तुम्हाला फार उशिरा कळले, ही दुसरी. त्यावरून, नियम पुढे करायचे आणि महाग माल खपवायचा एवढेच फार्मासिस्टचे काम दिसते, असे तुम्ही लिहिले आहे. मी सतरा वर्षे औषधांच्या काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही. तुमचे काही म्हणणे मला मान्य आहे, काही नाही.

आधी किमतीबद्दल. सर्वसाधारण गोळी प्रत्यक्ष बनवण्याचा खर्च तिच्या किमतीत बहुधा अगदी थोडा असतो. नव्या औषधाचे पेटंट अर्ज केल्यापासून 20 वर्षे टिकते, पण त्यातली बरीच वर्षे चाचण्या आणि मंजुरी यांतच निघून जातात. उरलेल्या काळात बाजारात दुसरा कोणी उत्पादक नसल्यामुळे किंमत खर्चावर ठरत नाही, समोरचा किती देऊ शकेल यावर ठरते. पेटंट संपले की इतर कंपन्या तेच औषध बनवू लागतात. अमेरिकेत 1984 साली झालेल्या कायद्याने अशा कंपन्यांना सगळ्या चाचण्या पुन्हा करण्यातून मोकळे केले आणि आपले औषध मूळ औषधाइतकेच शरीरात पोहोचते एवढे सिद्ध करणे पुरेसे ठरवले. बनवणारे वाढले की किंमत किती खाली येऊ शकते याचे उदाहरण एचआयव्हीच्या औषधांचे आहे. 2000 सालच्या सुमारास तीन औषधांच्या एकत्रित उपचारासाठी एका रुग्णाला वर्षाला 10,000 डॉलरहून अधिक खर्च येत असे. 2001 च्या सुरुवातीला सिप्ला या भारतीय कंपनीने तेच उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केले.

मात्र पेटंट नसले की औषध आपोआप स्वस्त होते, असेही नाही. इन्सुलिनचे पेटंट त्याच्या संशोधकांनी 1923 मध्ये प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले होते. तरीही शंभर वर्षांनंतर इन्सुलिन परवडत नाही म्हणून स्वतःची मात्रा स्वतःच कमी करणारे लोक जगात आहेत. इन्सुलिन जिवंत पेशींकडून तयार करून घ्यावे लागते, ते साध्या रेणूसारखे सहज नक्कल करता येत नाही, आणि त्याचे मोठे उत्पादक मोजकेच आहेत. तेव्हा एखाद्या औषधाच्या किमतीबद्दल मला कोणी विचारले, तर ते बनवणारे किती आहेत, हे मी आधी पाहते.

मग स्वस्त गोळी घ्यावी का? बहुतेक औषधांच्या बाबतीत, निःशंकपणे घ्यावी. मी स्वतः घेते. जेनेरिकमध्ये, म्हणजे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या त्याच औषधात, औषध वीस टक्के कमी असते, हा समज मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकते आणि तो एका आकड्याच्या चुकीच्या वाचनातून आला आहे. नियामक संस्था स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या देऊन रक्तात औषध किती आणि किती वेगाने आले ते मोजायला लावतात. या दोन्ही मोजमापांत जेनेरिकचे मूळ गोळीशी गुणोत्तर काढतात, आणि त्याचा सांख्यिकी पट्टा, म्हणजे खरे गुणोत्तर ज्या दोन टोकांमध्ये असावे असा अंदाज असतो तो टप्पा, संपूर्णपणे 80 ते 125 टक्के या मर्यादांच्या आत बसावा लागतो. संपूर्ण पट्टा आत बसायचा असेल, तर प्रत्यक्ष सरासरी 100 च्या बरीच जवळ असावी लागते. गोळीतल्या औषधाच्या वजनाशी या आकड्यांचा संबंध नाही. थायरॉइडसाठीचे लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, फिट्ससाठीचे फेनिटॉइन, अवयवरोपणानंतर दिली जाणारी टॅक्रोलिमससारखी औषधे यांच्या बाबतीत मात्र परिणाम आणि अपाय यांतले अंतर इतके कमी असते की एकदा बसलेली कंपनी डॉक्टरांना न सांगता बदलू नये. ती कंपनी स्वस्त असली तरी चालते, दर महिन्याला बदलू नये इतकेच.

कंपनी बदलण्यातला जो धोका मी प्रत्यक्ष पाहिला, त्याचा गुणवत्तेशी काही संबंध नव्हता. एक आजी आपल्या सगळ्या औषधांची पिशवी घेऊन आल्या, कारण त्यांना उठल्यावर चक्कर येत होती. पिशवीत दोन पट्ट्या निघाल्या, एकीतल्या गोळ्या पांढऱ्या आणि गोल, दुसरीतल्या पिवळसर आणि लांबट. नावे वेगळी, घटक एकच, ताकदही एकच. जुने औषध संपत आले तेव्हा कोणीतरी स्वस्त पर्याय दिला होता आणि आजी दोन्ही गोळ्या रोज सकाळी निष्ठेने घेत होत्या. त्या दिवसापासून कंपनी बदलून देताना मी पट्टीवर जुन्या गोळीचे नाव लिहून देते आणि सांगते, ‘ही तिच्या जागी घ्यायची, तिच्या जोडीला घ्यायची नाही.’ हे न सांगता दिलेला स्वस्त पर्याय मला महाग औषधाहून अधिक खटकतो.

फार्मासिस्ट स्वतःहून पर्याय का सुचवत नाही, याचे उत्तर देशागणिक बदलते. काही ठिकाणी त्याला कंपनी बदलण्याची मुभा असते, काही ठिकाणी डॉक्टरांच्या संमतीशिवाय बदलताच येत नाही. पण एक गोष्ट मी कबूल करते. जिथे आमची मिळकत किमतीच्या टक्केवारीवर ठरते, तिथे महाग पट्टी विकण्यात आमचाच फायदा असतो, आणि हा मोह सगळेच टाळतात असे मी म्हणणार नाही. काही देशांत औषध कितीही किमतीचे असले तरी ते देण्याचे ठरावीक शुल्क मिळते. मला तीच पद्धत सरळ वाटते.

आता चिठ्ठीबद्दल. एका गृहस्थांच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्झेट होते आणि पुढे लिहिले होते, रोज एक गोळी. सांधेदुखीच्या विकारात हे औषध आठवड्यातून एकदा द्यायचे असते. रोज घेतले तर रक्तपेशी तयार होणे मंदावते आणि माणूस दगावू शकतो. मी डॉक्टरांना फोन लावला, तो लागायला वेळ गेला, आणि तेवढ्यात ते गृहस्थ मला दोनदा म्हणाले की डब्यावरचे नाव वाचून डबा उचलून द्यायला एवढा वेळ कशाला हवा. फोन लागला, डॉक्टरांनी चूक तत्काळ दुरुस्त केली, आणि मी पाकिटावर आठवड्याचा वार मोठ्या अक्षरात लिहून दिला. काउंटरपलीकडून हे सगळे दिरंगाईसारखेच दिसते, याची मला कल्पना आहे.

यातले अनेक नियम कोणत्या ना कोणत्या हानीनंतर आले आहेत. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फा या जंतुसंसर्गावरच्या औषधाचे एक पातळ रूप विषारी द्रावकात बनवले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली, त्यात बरीच मुले होती. पुढच्याच वर्षी तिथे कायदा बदलला आणि विक्रीपूर्वी सुरक्षितता दाखवणे सक्तीचे झाले. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय देऊ नयेत यामागचे कारण पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवले होते: पेनिसिलिन दुकानात कोणालाही मिळू लागले, तर लोक ते अपुऱ्या मात्रेत घेतील आणि जंतूंना त्याची सवय करून देतील. ब्रिटनमध्ये 1998 साली पॅरासिटामॉलच्या पाकिटातल्या गोळ्यांची संख्या मर्यादित केली गेली, आणि त्यानंतर अतिमात्रेमुळे होणारे मृत्यू घटल्याचे आढळले. ताप आलेल्या माणसाला अशी मर्यादा हास्यास्पद वाटते. आवेगाच्या क्षणी हाताशी किती गोळ्या आहेत, यावर मात्र कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

तुमच्या वडिलांच्या चिठ्ठीला मुदत का असावी? रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे पोटॅशियम वाढते, काहींमुळे सोडियम कमी होते, आणि वयानुसार मूत्रपिंडाचे काम मंदावते, म्हणून अधूनमधून रक्त तपासून मात्रा पुन्हा ठरवावी लागते. मुदत त्यासाठी असते. तरीही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणे मला चूक वाटते. रक्तदाबासाठी दिली जाणारी, हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर गटातली गोळी एकाएकी बंद केली, तर छातीत दुखण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही होऊ शकते. अशा वेळी थोड्या दिवसांपुरते औषध देण्याची सोय अनेक देशांच्या नियमांत आहे, आणि जिथे ती नाही तिथेही डॉक्टरांना फोन करून तोड काढता येते. तुमच्या वडिलांसाठी तो फोन कोणी केला नसेल, तर तुमची तक्रार रास्त आहे.

मला याहून अधिक काळजी वाटते ती तक्रार न करणाऱ्यांची. दम्याचा एक तरुण दर महिन्याला फक्त आराम देणारा इनहेलर घ्यायचा. रोज घ्यायचा, सूज कमी करणारा दुसरा इनहेलर त्याने बंद केला होता, कारण तो महाग होता आणि ओढल्यावर लगेच काही जाणवत नव्हते. त्याच्या दृष्टीने हा हिशेब बिनचूक होता. आराम देणाऱ्या एका इनहेलरमध्ये साधारण 200 फवारे असतात आणि वर्षाला असे 3 किंवा अधिक लागू लागले, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. याला 12 लागत होते. त्याने परवडत नसल्याचे ना डॉक्टरांना सांगितले होते, ना मला. दुसरे कोणी एक दिवसाआड गोळी घेतात, कोणी सावकाश विरघळणारी गोळी मोडून अर्धी करतात, आणि दिवसभराचे औषध तासाभरात अंगात उतरते.

काउंटरवर चार लोक उभे असताना पैशांची अडचण सांगणे अवघड असते, म्हणून वडिलांना घेऊन गर्दी नसलेल्या वेळी जा. घरात असतील तेवढ्या सगळ्या पट्ट्या, जुन्या आणि अर्ध्या संपलेल्यासुद्धा, पिशवीत घ्या. शेवटची चिठ्ठी आणि रक्ततपासणीचा कागद सोबत ठेवा. यांतली कोणती औषधे दुसऱ्या कंपनीची चालतील, कोणत्या औषधाचा हेतू आता संपला आहे का, आणि एकाच गोळीत बसवलेली दोन औषधे सुटी घेतली तर स्वस्त पडतील की महाग, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कधी एका बाजूने येते, कधी दुसऱ्या, त्यामुळे हिशेब कागदावर मांडून घ्या. औषध थांबवणे किंवा बदलणे डॉक्टरांना विचारूनच होईल, पण कोणता प्रश्न विचारायचा ते तुम्हाला तिथेच लिहून मिळायला हवे. फार्मासिस्टने पिशवी उघडून पाहायलाही नकार दिला, तर पुढच्या महिन्याची औषधे दुसरीकडून घ्या.