छोट्या तीर्थक्षेत्री आमच्या बोळाच्या टोकाला नगरपरिषद पे अँड पार्क करतेय. हरकत कुठे आणि कशी घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळच्या एका लहान तीर्थाच्या गावात तुमचं घर आहे, वर चार खोल्यांचं लॉज. बोळाच्या टोकाला वीसेक गुंठे मोकळी जागा आहे, तिथे नगरपरिषद ठेक्याने वाहनतळ चालवायला देणार असं कळलंय. बोळ साडेपाच मीटरचा. पंचेचाळीस सह्यांचं निवेदन दिलं, दोन महिने झाले तरी उत्तर नाही.

उत्तर येणारही नाही. "जनभावना लक्षात घेऊन निर्णय रद्द करावा" अशा निवेदनावर कारवाई करायला त्या टेबलावरच्या माणसाकडे काही हातात लागत नाही. ते फाइलला लागतं आणि फाइल पुढे जाते. म्हणून आधी एकच गोष्ट शोधा: हा निर्णय नेमका कोणत्या कागदावर आहे? पुढची वाट त्यावरच ठरते, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात.

पहिली शक्यता, नगरपरिषदेचा ठराव. सर्वसाधारण सभेचा किंवा स्थायी समितीचा. निवडणुका रखडल्या होत्या त्या काळात राज्यातल्या कित्येक नगरपरिषदांवर प्रशासक होते आणि 2025 च्या अखेरीस मतदान झालं. तुमचा विषय त्याआधी मंजूर झाला असेल तर तो सभेच्या इतिवृत्तात सापडणार नाही, प्रशासकीय ठरावांच्या नोंदवहीत सापडेल. "सभेत असा विषयच झाला नाही" असं नगरसेवक छातीठोकपणे सांगतात ते पुष्कळदा यामुळेच. खोटं बोलत नसतात बिचारे.

दुसरी शक्यता, विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे गावच्या नियोजनाच्या नकाशात ती जागा कशासाठी राखून ठेवलीय ते. तिसरी, सिंहस्थाचं काम. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या कुंभासाठी 2025 मध्ये कायद्याने वेगळं प्राधिकरण झालंय. वाहनतळ त्या आराखड्यातून येत असेल तर नगरपरिषदेच्या पायऱ्या झिजवून उपयोग नाही, हरकत प्राधिकरणाकडे जायला हवी. आणि तुमचं गाव नगरपरिषदेचं नसून ग्रामपंचायतीचं असेल, सप्तशृंगी गडासारखं, तर खेळ पूर्ण वेगळा: तिथे ग्रामसभा आहे, गावकऱ्याला उभं राहून बोलता येतं, आणि कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा कायद्यामुळे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेचं वजनही जास्त. नगरपरिषदेत ग्रामसभा नसते. सभा ऐकायला जाता येतं, बोलण्याचा हक्क नगरसेवकांचा. "ग्रामसभेत विषय घ्या" असं नगरपरिषदेला लिहिलेलं पत्र बघितलं की आवक टेबलावरच हसतात.

कागद कसा मिळवायचा? माहिती अधिकाराआधी एक सोपी वाट आहे, फारशी कोणी वापरत नाही. 2018 च्या शासन निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाऊन तीन गोष्टी मागा: विषयपत्रिका, ठराव आणि निविदेच्या अटी-शर्ती. मोबाइलवर फोटो काढू दिले नाहीत तर ठराव क्रमांक आणि तारीख तरी उतरवून घ्या. तेवढ्यावर माहिती अधिकाराचा अर्ज नेमका होतो.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे गटार, पथदिवे आणि वाहनतळ एका कागदावर कोंबू नका, तेवढ्यावरून अर्ज परत येतो. "वाहनतळाबाबत सर्व माहिती द्या" असंही लिहू नका. "ठराव क्रमांक अमुक, दिनांक तमुक, त्याची साक्षांकित प्रत, त्यावरील कार्यालयीन टिपणी, निविदा सूचना व अटी-शर्ती, कार्यारंभ आदेश दिला असल्यास त्याची प्रत" असं मागा. कार्यारंभ आदेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारं पत्र. पानाला 2 रुपये पडतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टॅम्पवर, त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील. पण दुसऱ्या अपिलाच्या भरवशावर वाहनतळ थांबत नाही, तारीख लागेपर्यंत तिथे पावत्या फाटायला लागलेल्या असतात.

त्याच दिवशी त्या जागेचा भाग नकाशा (विकास आराखड्यातला तेवढा तुकडा) आणि झोन दाखला (ती जागा कोणत्या वापराची ते सांगणारा) मागवा. सिटी सर्व्हे नंबर भूमिअभिलेखकडच्या मिळकत पत्रिकेवर मिळतो. आराखड्यात ती जागा वाहनतळासाठीच आरक्षित असेल तर "इथे पार्किंग नकोच" ही हरकत शिळी झाली. तिची वेळ प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हाची होती: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 26, तीस दिवस. आता वाहनतळ कसा चालेल यावरच बोलता येईल. आरक्षण बाग किंवा खेळाच्या मैदानाचं असेल तर मात्र पारडं तुमच्याकडे झुकतं. वापर कायमचा बदलायचा तर कलम 37 खाली फेरबदलाची सूचना काढावी लागते, त्यावर महिन्याभरात कोणालाही हरकत घेता येते. अशी सूचना निघाली आहे का, हे पहिलं विचारा.

नकाशा हातात आला की आणखी एक रेषा बघा. बोळ आज साडेपाच मीटर आहे, आराखड्यात तो नऊ मीटर दाखवला असेल तर वाहनतळामागून रुंदीकरण येणार आणि तुमच्या लॉजची पुढची भिंत रस्तारेषेत असू शकते. बरेच जण पार्किंगच्या नावाने ओरडत बसतात आणि हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

जागा देवळाजवळ असेल तर एक मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे. त्र्यंबकेश्वराचं मंदिर केंद्र संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम प्रतिबंधित, त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित, तिथे आधी परवानगी लागते. नुसतं सपाटीकरण वेगळं, पण पत्र्याची शेड, तिकीट केबिन, दुमजली ढाचा यातलं काहीही आलं की पुरातत्त्व विभागाची परवानगी दाखवा म्हणून मागा. नदीकाठी असेल तर पाटबंधारे विभागाचा पूररेषेचा नकाशा. त्यावरच्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, बांधकाम बसत नाही. गोदावरी त्र्यंबकमध्ये काँक्रिटखालून वाहते म्हणून पूररेषा नाही, असं कोणी तोंडी सांगितलं तर लेखी मागा.

आता मुख्य गोष्ट, हरकतीचा मजकूर. "लहान मुलं, वृद्ध, ध्वनिप्रदूषण" यावर उत्तर ठरलेलं असतं: योग्य ती दक्षता घेण्यात येईल. आकड्यावर असं उत्तर देता येत नाही. तुमच्याच जागेचं गणित करून दाखवतो.

वीस गुंठे म्हणजे 2,023 चौरस मीटर. गाडीच्या खणाला 2.5 गुणिले 5 मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, पण आत फिरायची वाट धरली की गाडीमागे 25 ते 28 चौरस मीटर जातात. म्हणजे जागा 72 ते 80 गाड्यांची. निविदेत दीडशे-दोनशे लिहिलं असेल तर खणाच्या आकाराने भागाकार केलाय, फिरायची वाट विसरलेत. हे चोख पकडता येतं.

आता तोंडाशी या. पावती फाडून, सुट्टे देऊन एक गाडी आत सोडायला वीस सेकंद धरा. तासाला 180 गाड्या. शनिवारी सकाळी तासाला 300 गाड्या आल्या तर तासाअखेर 120 गाड्या रांगेत. एका गाडीला अंतरासह सहा मीटर, म्हणजे 720 मीटरची रांग. तुमच्या बोळात एवढी लांबी कुठे आहे? ती मुख्य रस्त्यावर येणार. साडेपाच मीटरमध्ये दोन गाड्या जातात, पण जपून. एका अंगाला रांग उभी राहिली की साधारण अडीच मीटर रुंदीचा अग्निशमन बंब आत येणं अवघड, आणि कडेला लावलेल्या दुचाक्या धरल्या तर अशक्य. 300 हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय. तुमचा तुम्ही मोजा: दोन शनिवार, दोन रविवार आणि एक साधा बुधवार, सकाळी 8 ते 12, दर पंधरा मिनिटांना रेघा मारून, कागदावर तारीख आणि मोजणाऱ्याची सही. बोळाची रुंदी टेपने दर दहा मीटरवर मोजा, ओटे, गटार आणि विजेचा खांब वगळून. सर्वात अरुंद जागेचा फोटो टेपसकट.

एक गोष्ट बाहेरच्या सल्लागाराच्या अहवालात सहसा नसते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीला, त्र्यंबकमध्ये खासगी गाड्या गावाबाहेरच अडवतात आणि जादा एसटी सोडतात. म्हणजे सगळ्यात मोठ्या गर्दीच्या दिवशी गावातला वाहनतळ जवळपास निरुपयोगी. त्याचा खरा भार आडव्या दिवशीचा. त्यातही दर्शनाची गाडी तीन-चार तासांत निघते, नारायण नागबळी या तीन दिवसांच्या विधीला आलेल्या यजमानाची तीन दिवस हलत नाही. 75 खणांतले 25 अशा गाड्यांनी अडवले तर रोज फिरणाऱ्या गाड्यांसाठी 50 उरतात. मुक्कामी गाड्यांची जागा गावाबाहेर वेगळी हवी, ही मागणी तुमच्या लॉजलाही परवडणारी आहे आणि प्रशासनालाही मान्य होण्यासारखी.

म्हणून हरकत "रद्द करा" एवढ्यावर थांबवू नका, पर्याय लिहा. पावतीची केबिन बोळाच्या तोंडाशी नको, मैदानात किमान पन्नास मीटर आत, किंवा वसुली बाहेर पडताना. बोळ आत जायला, बाहेर पडायला दुसरी वाट. दरफलक आणि क्रमांकित पावती. आणि रहिवाशांना मोफत पास, घरपट्टीची पावती व आरसी बुक दाखवून. ही अट निविदेच्या अटी-शर्तींतच यायला हवी. कार्यारंभ आदेश निघाल्यावर ठेकेदार म्हणतो माझ्या करारात नाही, आणि तो बरोबर असतो. मग ठेक्याची मुदत संपेपर्यंत थांबा.

सह्यांबद्दल. पंचेचाळीस सह्यांचं एक निवेदन ही एकच हरकत धरली जाते, आणि सह्या वेगळ्या कोऱ्या पानावर असतील तर ते पान कशाला जोडलं होतं यावर वाद होतो. त्यापेक्षा बारा घरांनी बारा स्वतंत्र हरकती द्या, प्रत्येकीत स्वतःचा मिळकत क्रमांक, स्वतःच्या दारासमोरची रुंदी, स्वतःची अडचण. झेरॉक्स काढून नावं बदलू नका, ते लगेच कळतं. शेवटच्या ओळीत "मला समक्ष सुनावणी मिळावी" लिहाच. कलम 26 किंवा 37 खालची हरकत असेल तर ही ओळ फार कामाची. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नुसती "मिळाले" आणि वळसेदार सही ही पोच नव्हे. देत नसतील तर स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनची सोय घेऊन पाठवा.

ठराव झालेला आहे आणि काम तोंडावर आहे, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम 1965, कलम 308: नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी बेकायदेशीर असेल, लोकांना इजा किंवा उपद्रव होईल, सार्वजनिक हिताविरुद्ध असेल किंवा शांतताभंग होण्याची शक्यता असेल, तर जिल्हाधिकारी ती लेखी आदेशाने थांबवू शकतात. अर्जाच्या शीर्षातच कलम लिहा, ठरावाची साक्षांकित प्रत जोडा, आणि कोणत्या कारणाखाली मागताय ते एका वाक्यात. वरचं रांगेचं गणित "उपद्रव" या शब्दाखाली नेमकं बसतं. नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपालिकांचं काम पाहणारी शाखा आहे, अर्ज तिथे पोचला की नाही ते आठवड्याने जाऊन बघा. फक्त लक्षात ठेवा, 308 नगरपरिषदेच्या ठरावाला आणि कृतीला लागतं, कुंभ प्राधिकरणाच्या कामावर ते चालणार नाही.

जिल्हाधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायचा लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार, हाही मार्ग आहे. पण अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट बाब घेत नाहीत. त्यामुळे घाईने दिवाणी दावा टाकलात तर हे दार स्वतःच बंद करून घ्याल. दाव्याआधी नगरपरिषदेला नोटीस देऊन महिनाभर थांबावंही लागतं, तेवढ्यात 308 चा अर्ज बराच पुढे गेलेला असतो.

येत्या सोमवारी 3 वाजता जा. ठराव क्रमांक आणि कार्यारंभ आदेश निघाला की नाही, एवढं इथे कळवा. आदेश निघालेला नसेल तर सगळा जोर निविदेच्या अटींवर लावा, निघालेला असेल तर 308 च्या अर्जाचा मसुदा कसा करायचा ते लिहितो.