सेंट अँड्र्यूजला जातेयस तर तिथेच राहा

पोरी,

तुझी एक्सेल शीट बघितली. सात दिवस, आठ गोल्फ कोर्स, मधेच एक दिवस हायलँड्स, एक दिवस एडिनबरात शॉपिंग आणि सगळ्यात वर लाल रंगात ‘ओल्ड कोर्स मस्ट’, म्हणजे सेंट अँड्र्यूजचा तो सगळ्यात जुना कोर्स. शीट झकास आहे, फॉर्म्युले पण टाकलेयस, पण या स्पीडने फिरलीस तर तुला स्कॉटलंडमधले पार्किंग लॉट पाठ होतील, बाकी काही नाही. म्हणून सांगतो, पटलं तर घे. त्या आठातले पाच कोर्स उडव, गाडी भाड्याने घेऊच नको, आणि सरळ सेंट अँड्र्यूज गावात मुक्काम ठोक, जेवढी रजा मिळतेय तेवढी सगळी तिथेच.

गावाला रेल्वे स्टेशन नाही, १९६९ मध्येच लाइन बंद झाली, त्यामुळे एडिनबराहून ट्रेनने लूकर्सला उतरायचं आणि बाहेरून ९९ नंबरची बस पकडायची, थोड्या वेळात गावात. हॉटेलं महाग आहेत, कोर्सला लागून असलेली तर विचारूच नको. पण तिथली युनिव्हर्सिटी १४१३ सालची आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं घरी गेली की हॉस्टेलच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. स्वच्छ असतात, सकाळी नाश्ता मिळतो, आणि अजून काय पाहिजे, तुला खोलीत बसायचंय का.

आता मुक्काम का म्हणतोय ते ऐक. आपण इकडे गोल्फ शिकलो म्हणजे काय, तर गेटवर वॉचमन, रजिस्टरात मेंबरची सही, गेस्ट फी, आणि वेटिंग लिस्ट अशी की बापाने अर्ज करावा आणि मेंबरशिप पोराच्या नशिबी यावी. तिथे जाऊन तू ओल्ड कोर्सच्या पहिल्या टीवर, म्हणजे पहिला बॉल मारायच्या जागेवर, उभी राहिलीस की मागे ती मोठी करड्या दगडाची इमारत दिसते, रॉयल अँड एन्शंट क्लबचं क्लबहाऊस, आणि आपल्याला वाटतं कोर्स त्यांचाच. अजिबात नाही. क्लब १७५४ मध्ये बावीस बड्या लोकांनी मिळून काढला, बायकांना मेंबर करून घ्यायचं की नाही यावर त्यांनी मतदान घेतलं ते २०१४ मध्ये (घेतलं एकदाचं!), पण जमीन गावाची आहे. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने लेखी मान्य केलं की या किनाऱ्यावरच्या जमिनीवर गावच्या लोकांना गोल्फ खेळायचा हक्क आहे. पुढे १७९७ मध्ये गावाकडे पैसे उरले नाहीत म्हणून जमीन विकली गेली आणि सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हातात पडली, सगळीकडे ससे आणि बिळं, गोल्फवाले आणि ससेवाले यांची वर्षानुवर्षं कोर्टबाजी आणि मारामाऱ्या, शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळासाठी राखली. आता १९७४ च्या कायद्याने लिंक्स ट्रस्ट सगळं बघतो, सात कोर्स आहेत, आणि गावातली शाळकरी पोरं, रिटायर्ड पोस्टमन, हॉटेलात वेटर असलेला विद्यार्थी, सगळे तिथेच खेळतात.

आणि रविवारी ओल्ड कोर्स बंद. म्हणजे गोल्फसाठी बंद, माणसांसाठी उघडा. मोठी स्पर्धा असली तर गोष्ट वेगळी, एरवी रविवारी तिथे लोक कुत्री घेऊन फिरतात, बाबागाड्या ढकलतात, शिवाजी पार्कात संध्याकाळी असते तशी वर्दळ. म्हणून तुझ्या मुक्कामात एक रविवार पाहिजेच. त्या दिवशी अठराव्या होलवरून उलटं चालत जा, बंकरमधे, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांत, उतरून बघ किती खोल आहेत ते, ग्रीनवर, होलभोवतीच्या त्या आखूड गवतावर, मात्र उगाच नाचू नको. ११२ बंकर आहेत आणि त्यातले बरेचसे टीवरून दिसतच नाहीत, सोमवारी खेळायचं असेल तर रविवारची ही चक्कर अंतरं छापलेल्या कुठल्याही यार्डेज बुकपेक्षा कामाची.

आता ते लाल रंगातलं ‘मस्ट’. वर्षभर आधी टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, हवा असेल तर आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज घेतात, ती वेळ तुझ्या हातून गेलेली आहे. एजंट लोक खात्रीची वेळ पॅकेजमधे विकतात, पण तो आकडा ऐकून तुझी आई मला फोन करेल. राहिला बॅलट. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी २ च्या आत ऑनलाइन नावं टाकायची, कमीत कमी दोघं लागतात, ड्रॉ निघतो, नाव लागलं तर लागलं. तू एकटी जातेयस म्हणून तुझ्यासाठी वेगळी सोय आहे, सिंगल्सचा रोजचा ड्रॉ. पूर्वी एकटे खेळणारे लोक रात्रीपासून थंडीत रांग लावायचे, खुर्च्या, ब्लँकेटं, थर्मास घेऊन, २०२४ पासून ते बंद झालं, आता आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन नाव नोंदवायचं आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर कळतं की दोघा-तिघांच्या ग्रुपमधे तुला जागा मिळाली का. बघ, स्वतः जाऊन. आता कळलं मुक्काम का म्हणालो? हायलँड्समधे बसून नाव नोंदवता येत नाही. रोज नोंदव, रोज दुसरा एखादा कोर्स खेळ, एखाद्या दिवशी लागेल. नाहीच लागलं तरी ट्रिप फुकट गेली असं वाटू द्यायचं नसेल तर बाकीचे दिवस नीट आख.

ओल्ड कोर्सला हँडिकॅपचं (खेळाच्या पातळीचा आकडा, जेवढा कमी तेवढा खेळ चांगला) अधिकृत सर्टिफिकेट लागतं, ३६ पर्यंत चालतं, तुझं २६ आहे म्हणजे काळजी नाही. फी सीझनमधे तीनशे पौंडांच्या वर आहे, ती मनातून आत्ताच वजा करून टाक म्हणजे तिथे कार्ड स्वाइप करताना हात थरथरणार नाही. त्या मानाने बाकीचे कोर्स खूपच स्वस्त. न्यू कोर्स ओल्ड टॉम मॉरिसने आखला, १८९५ चा आहे आणि अजून नवाच म्हणतात. ज्युबिली १८९७ मध्ये बायका आणि नवशिक्यांसाठी म्हणून काढला होता, आज लोक म्हणतात तोच सगळ्यात अवघड, तर तो खेळच. शेवटच्या दिवशी ईडन ठेव, थकलेली असशील, तो जरा दयाळू आहे.

खेळाबद्दल एकच गोष्ट कान देऊन ऐक. आपल्याकडे आपण बॉल उंच उडवायला शिकतो, कारण ग्रीन ओले आणि मऊ, पडला तिथे बसतो. तिथे खाली वाळू, वर आखूड कडक गवत, आणि समुद्रावरून सतत वारा. उंच मारलेला बॉल वारा घेऊन जातो आणि ग्रीनवर पडलाच तर टणकन उडून पलीकडे. त्यामुळे जमिनीवरून खेळायला शीक. एप्रिल-मेमधे आपल्याकडची जमीन दगडासारखी झालेली असते ना, तेव्हा संध्याकाळी सात नंबर आयर्न घेऊन चाळीस यार्डांवरून सरपटत चिप मारायची प्रॅक्टिस कर, आणि ग्रीनच्या बाहेरून पटर, बॉल जमिनीवरून ढकलायची ती काठी, वापरायची लाज सोड. तिथले म्हातारे तीस यार्डांवरून पटर काढतात आणि बॉल नेऊन होलला चिकटवतात, आपण बॉल उंच उडवणारा लॉब वेज काढून बॉलचा माथा मारतो आणि मग वाऱ्याला शिव्या देतो.

लांब पटची सवयही कर, कारण ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जुळे आहेत, एकाच ग्रीनवर जातानाचं होल आणि येतानाचं होल. दोन्ही नंबरांची बेरीज नेहमी अठरा, दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, असं. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. चुकीच्या झेंड्याजवळ पडलीस तर होलपर्यंत अख्खं मैदान ओलांडायचंय असं वाटेल.

आणि कॅडी घे, म्हणजे बॅग उचलणारा वाटाड्या, निदान ओल्ड कोर्सला तरी. आपल्याकडे आगेवाला पुढे उभा राहून बॉल कुठे गेला ते सांगतो, तिथला कॅडी मारायच्या आधीच सांगतो की त्या चर्चच्या टोकावर नेम धर, आणि समोर तर नुसती पिवळी काटेरी झुडपं दिसत असतात. विश्वास ठेवायचा. शंका आली तर डावीकडे मार, उजवीकडे झुडपं आणि तुझा उजवीकडे वळणारा स्लाइस मला माहितीय. पैसे कॅशमधे, वर टिप. कॅडी नको असेल तर बॅग खांद्यावर, कारण सीझनमधे ट्रॉली दुपारी १२ नंतरच चालते आणि बग्गी तर मेडिकल कारणाशिवाय नाहीच.

पहिल्या टीवर घाबरशील, सगळेच घाबरतात, मागे टुरिस्ट उभे असतात. पण पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे, टीपासून ग्रीनपर्यंतची गवताची पट्टी, एकच आहे, एवढा रुंद की त्यात बंकर नाही, काही नाही, आणि त्याच्या मधून चक्क गावचा रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. बीचवर चाललेली बाई, सायकलवाला, एखादी गाडी, सगळे तिथून ओलांडतात आणि तू ड्रायव्हर हातात घेऊन थांबायचं. हळू स्विंग कर, बॉल जाईल कुठेतरी पुढे. ग्रीनच्या अगदी तोंडाशी स्विल्कन ओढा आहे, दुसऱ्या शॉटला एक नंबर लांब जाणारी काठी घे.

सतरावं होल, रोड होल, याची मात्र आधीच मनाची तयारी ठेव. टीवरून समोर हॉटेलची शेड, त्यावरून मारायचं, पलीकडचं दिसत नाही. ग्रीनच्या डाव्या अंगाला छोटा पण खोल बंकर आणि उजवीकडे मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत, रस्त्यावर पडलेला बॉल रस्त्यावरूनच खेळायचा. १९७८ च्या ओपनमधे, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धेत, जपानचा टॉमी नाकाजिमा दोन शॉटमधे ग्रीनवर आला होता, पट मारला आणि बॉल गडगडत त्या बंकरमधे, बाहेर काढायला चार शॉट, होलवर नऊ. तेव्हा तू सात लिहिलेस तर हसत लिही. ग्रीनच्या अलीकडे उजवीकडे थांब, तिथून पटर, पाच आले तर त्या होलवर पाच म्हणजे उत्तम.

मग स्विल्कन ब्रिज, फोटो काढ, सगळे काढतात. पूल एवढासा आहे, बघून म्हणशील हाच का तो. २०२३ मध्ये ट्रस्टने त्याच्या तोंडाशी गोल फरशी घातली, लोक येऊन येऊन गवत जातं म्हणून, तर जगभरच्या गोल्फवाल्यांनी असा काही गदारोळ केला की लगेच उखडली. माझ्या मते बरं झालं, अंगणात तुळशीवृंदावन नसताना नुसता ओटा घातल्यासारखं दिसत होतं.

कोर्सच्या शेजारी हिमालयाज नावाचं पटिंग ग्रीन आहे, नाव ऐकून हसशील, नुसते उंचवटे आणि खड्डे. लेडीज पटिंग क्लब १८६७ चा. त्या काळी बायकांनी क्लब खांद्याच्या वर उचलणं सभ्यपणाचं समजत नसत, म्हणून त्यांना नुसतं पटिंग. आज थोड्या पौंडांत कोणीही खेळतं, आजी, नातू, बियर पिऊन आलेले पोरगे. संध्याकाळी तिथे जा, तुझ्या आख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मजेचा तास तोच असेल.

कॅथेड्रलच्या पडक्या भिंतींच्या आत दोन्ही टॉम मॉरिस पुरलेले आहेत, जुने चॅम्पियन, बाप (न्यू कोर्सवाला ओल्ड टॉम) आणि मुलगा. बापाने ओपन चार वेळा जिंकली, मुलाने १८६८, ६९, ७० आणि ७२, मधलं ७१ सालचं गेलं कारण लागोपाठ तीनदा जिंकून त्याने बक्षिसाचा पट्टा कायमचा घरी नेला आणि द्यायला बक्षीसच उरलं नाही. पोरगा चोवीस वर्षांचा असताना १८७५ च्या नाताळच्या दिवशी गेला, त्याच्या काही महिने आधी बायको आणि बाळ बाळंतपणात गेले होते. बाप मात्र १९०८ पर्यंत जगला.

या ओल्ड टॉमची एक गोष्ट आपल्याकडे येऊन टेकते. तो अ‍ॅलन रॉबर्टसनच्या हाताखाली पिसांचे बॉल बनवायचा, चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून, फार महागडं काम. तेवढ्यात १८४८ च्या सुमारास गट्टापर्चाचा, म्हणजे झाडाच्या वाळवलेल्या चिकाचा, बॉल आला. आख्यायिका अशी की सेंट अँड्र्यूजच्याच रॉबर्ट पॅटरसन नावाच्या विद्यार्थ्याच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती ज्या गट्टापर्चात पॅक केली होती तोच वितळवून त्याने बॉल वळला. विष्णूचं देव जाणे, पण बॉल स्वस्त झाला आणि साध्या माणसाला खेळ परवडू लागला हे खरं, आणि टॉम एकदा नव्या बॉलने खेळताना दिसला म्हणून रॉबर्टसनचं आणि त्याचं फाटलं हेही खरं. टॉम मग प्रेस्टविकला गेला, आणि १८६० मध्ये पहिली ओपन तिथेच झाली.

परतताना अर्धा दिवस असला तर एडिनबराजवळच्या मसलबराला जा, घोड्यांच्या रेसकोर्सच्या आत नऊ होलचा जुना कोर्स आहे, जुन्या पद्धतीचे लाकडी दांड्याचे क्लब भाड्याने मिळतात. सव्वाचार इंचाचं होल पाडायचं यंत्र १८२९ मध्ये तिथेच आलं. कार्नुस्टी, डॉर्नोक वगैरे कोर्स पुढच्या वेळी.

तारखा मे किंवा सप्टेंबर धर. जूनमधे रात्री दहापर्यंत उजेड असतो, ऑफिस सुटल्यावर लोक अठरा होल खेळतात, पण गर्दी. जुलै २०२७ मध्ये तिथे ओपन आहे, त्या सुमारास चुकूनही नको, ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल स्पर्धा असते तेही नको, आणि हिवाळ्यात फेअरवेवर मॅट ठेवून मारायला लावतात. रेनकोट चांगला घे, छत्री वाऱ्यात टिकत नाही. स्वतःची बॅग न्यायची का भाड्याने क्लब घ्यायचे ते एअरलाइनचं वजन बघून ठरव, मी तर पटर आणि शूज तेवढे नेतो.

व्हिसाला वेळ लागतो आणि क्लबच्या ऑफिसात दोनदा फोन केल्याशिवाय कागद हलत नाही, तेव्हा हँडिकॅप सर्टिफिकेट उद्याच मागून टाक. रजा मंजूर झाली की फोन कर, रात्री नऊनंतर, आणि प्रॅक्टिस रेंजवर यायचं असेल तर शनिवारी सकाळी ये, सात नंबर आणि पटर एवढंच घेऊन.

तुझा,
काका