साडेपाच महिन्यांचं बाळ आणि गावचा गणपती

प्रश्न : ताई, यंदा गणपतीत माझा मुलगा साडेपाच महिन्यांचा होईल. आम्ही ठाण्यात राहतो, सासर कुडाळजवळ. घरी पाच दिवसांचा गणपती असतो. नातू पहिल्यांदाच गावी येणार म्हणून सासूबाई दिवस मोजतायत. नैवेद्याच्या खिरीने त्याचं उष्टावणही तिथेच करायचं त्यांच्या मनात आहे. नवरा म्हणतो, आदल्या दिवशी ऑफिस सुटलं की गाडी काढू, उजाडायला गावात. मला मात्र नुसत्या विचारानेच धडधडतं. बोलले तर ‘तुझंच मूल काय जगावेगळं आहे?’ असं ऐकावं लागतं. माझी भीती फाजील आहे का?
– एक आई, ठाणे

उत्तर : नाही गं, फाजील अजिबात नाही. पण तुझी भीती चुकीच्या जागी बसलीय असं मला वाटतं. बाळाला गावाला न्यायला काहीच हरकत नाही. नको आहे ते हे रात्रभर गाडी हाकणं.

चौतीस वर्षं मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, म्हणून हे आधी सांगते. दिवसभर काम केलेला माणूस रात्री मुंबई-गोवा महामार्गावर, तेही गणपतीच्या गर्दीत आणि पावसात, गाडी चालवणार आणि तू बाळ मांडीवर घेऊन बसणार. अचानक ब्रेक लागला तर कुठल्याही आईच्या हातात मूल धरून ठेवायची ताकद नसते. कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची खास सीट लागते. गाडीनेच जायचं ठरलं तर ती सीट घ्या, मागच्या बाकावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी लावा, पहाटे निघा आणि दर दोन तासांनी थांबून त्याला सीटमधून बाहेर काढा.

मला विचारशील तर दिवसाची रेल्वे. मांडवी एक्सप्रेस ठाण्यालाही थांबते आणि कुडाळलाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, मात्र बर्थही मिळत नाही, म्हणून तुमच्या दोघांचं आरक्षण पक्कं हवं. ते साठ दिवस आधी सुरू होतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात, तेव्हा बुकिंगला आजच बसा. जादा गाड्यांवरही लक्ष ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. घरून निघताना चार तास जास्तीचे धरूनच लंगोट आणि डायपर भर. वापरलेला डायपर संडासात टाकू नकोस, गाडीतले बायोटॉयलेट तुंबतात. पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात.

माझी लेक तीन महिन्यांची असताना मी तिला घेऊन एसटीने देवगडला निघाले होते. पनवेल सुटलं आणि तिने जे रडायला सुरुवात केली, ती माणगावपर्यंत. पाजलं, थोपटलं, उभी राहून डोलवलं. अख्खी एसटी माझ्याकडे बघतेय असं वाटून माझ्याच डोळ्यांना धार लागली. शेवटी पलीकडच्या सीटवरची एक म्हातारी बाई उठली. ‘चेडवाची कुंची काढ गो आधी, उकडता तिका.’ वारा लागेल या धाकाने मी लेकीला झबलं, स्वेटर, कुंची आणि वर शाल इतकं घातलं होतं. कुंचीची नाडी सोडली तर मानेच्या वळीत घाम साचलेला, केस चप्प ओले. बाईने पदराने मान पुसली, मी स्वेटर काढला. दहा मिनिटांत पोर गाढ झोपली. नर्स असून मला ते सुचलं नव्हतं, कारण मी बाळाकडे बघतच नव्हते, लोकांकडे बघत होते.

तू बाळाकडे बघ. रडलं तर आधी मान आणि पाठ चाचप. एसीच्या डब्यात एक पातळ थर जास्त, बाहेर आलं की तो काढायचा. भूक लागली की ओढणी घेऊन निवांत पाज, कुणाची परवानगी लागत नाही. दूध सोडून पाणीसुद्धा द्यायचं नाही, कितीही उकडलं तरी. त्याची तहान तुझ्याच दुधाने भागते, म्हणून पाण्याची बाटली तुझ्यासाठी भर.

आता उष्टावण. सहा महिने पुरे झाल्याशिवाय खीर नको, बोटभरही नको. आणि मध वर्षाच्या आत कधीच नको, प्रसाद म्हणून ओठाला लावायलाही नको. पंचामृतात मध असतो, तेवढं लक्ष असू दे. मधातून होणारा बोट्युलिझम हा आजार लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतो. पण हे सासूबाईंना ‘डॉक्टर नाही म्हणाले’ एवढ्यावर सांगू नकोस. त्यांना म्हण, ‘आई, दसऱ्याला तुम्ही ठाण्याला या, उष्टावण तुमच्याच हातचं करू.’ त्यांना खिरीपेक्षा पहिला घास आपण भरवायची ओढ आहे. तो मान त्यांचाच आहे आणि तो त्यांना मिळायलाच हवा.

आरतीला घर माणसांनी भरेल. झांजा आणि फटाके वाजत असतील तेव्हा बाळाला आतल्या खोलीत ठेव. सर्दी-खोकला असलेल्याने पापा घ्यायचा नाही, हे मात्र नवऱ्याने सांगायचं. घर त्याचं, माणसं त्याची. सुनेने सांगितलं की तो आगाऊपणा होतो, मुलाने सांगितलं की काळजी होते. हे बरोबर नाही, पण आहे हे असं आहे.

चौदाव्या आठवड्याच्या लसी झाल्यात ना, ते निघण्यापूर्वी पाहून घे आणि लसीकरणाचं कार्ड पिशवीत टाक. छोटी मच्छरदाणी ने. तापाचं औषध वजनानुसार किती द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घे. ताप आला, दूध ओढेनासं झालं किंवा लघवी कमी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, कुडाळपासून लांब नाही.

आणि जमलं तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोहोचा. गर्दी व्हायच्या आत बाळाला ते घर, ती खोली, आजीचा आवाज ओळखीचा होऊ दे.