आधी वजन टांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेले फोटो पाहिले. फिल्मच्या ताणाचा सेटपॉइंट, म्हणजे मागितलेला ताण, ६ किलो, डिस्प्लेवर ६ किलो, आणि अनवाइंडरच्या, म्हणजे रोल उलगडतो त्या टोकाच्या, पुढे प्लास्टिकच्या फिल्मला चांगला हातभर झोळ पडलेला. खाली तुझा प्रश्न, "काका, पी किती ठेवू, आय किती ठेवू?" दुपारपासून तू कंट्रोलरचे हे गेन, म्हणजे फरक दिसला की लगेच किती जोराने (पी) आणि उरलेला फरक साचवून किती (आय) दुरुस्ती करायची ते आकडे, वरखाली करतो आहेस. सुपरवायझर म्हणतो वाढव, सर्व्हिसवाला फोनवरून म्हणतो कमी कर, आणि तुला वाटायला लागलंय की हे काम आपल्याला जमणारं नाही. जमेल. पण आकडा मी सांगणार नाही. आधी मला सांग, वजन टांगून बघितलंस का?

नाही बघितलंस. पाच फोटोंत कुठे दोरी नाही, वजन नाही.

तूच लिहिलंयस की गेल्या आठवड्यात लोडसेलवरचा, म्हणजे ताण मोजणाऱ्या सेन्सरवरचा, ॲल्युमिनियमचा रोलर वाकला म्हणून त्या जागी लोखंडी बसवला. नवा रोलर जड आहे. त्याचं जास्तीचं वजन लोडसेलवर पडतंय आणि कंट्रोलर त्यालाच फिल्मचा ताण समजतोय. त्याच्या हिशेबाने सगळं ठीक आहे, मागितले ६, मिळाले ६. तू पी आणि आय कितीही फिरव, चुकीच्या आकड्यावर तो आणखी लवकर पोचेल, एवढंच होईल. मधेच झोळ संपतो, फिल्मला हिसका बसतो, आकडा उसळतो, कंट्रोलर रोलचा ब्रेक सोडतो, पुन्हा झोळ. यालाच तुम्ही दिवसभर हंटिंग, म्हणजे गेन चुकल्याने आकड्याचं डोलणं, म्हणत बसलात.

आज पाळी संपल्यावर फिल्म काढ, सगळा मार्ग रिकामा कर. पॅनेल अर्धा तास चालू राहू दे, ॲम्प्लिफायर स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. रोलर हाताने फिरवून बघ, कुठे घासत नाही ना. लोडसेल जास्त दबू नये म्हणून लावलेले ओव्हरलोड स्टॉपचे बोल्ट टेकलेले नाहीत ना, तेही बघ. ते टेकले असले तर अर्धा ताण बोल्टच खातो. मग झिरो घे, म्हणजे रिकाम्या रोलरला डिस्प्लेवर शून्य लाव.

आता दोरी. फिल्म जाते अगदी त्याच मार्गाने, रोलरच्या मधोमध. एक टोक अनवाइंडरच्या शाफ्टला बांध, शाफ्ट फिरता कामा नये. दुसरं टोक लोडसेलच्या पुढच्या आयडलरवरून, म्हणजे नुसत्या फिरत्या रोलरवरून, खाली सोड आणि त्याला १० किलोचं वजन टांग. वजन वैधमापन खात्याच्या शिक्क्याचं हवं, ते एखाद्या वाण्याकडे मिळेल. स्टोअरमधला लोखंडी तुकडा "असेल दहाएक किलो" म्हणून टांगू नकोस. डिस्प्लेवर १० आलं पाहिजे. नाही आलं तर स्पॅन देऊन, म्हणजे टांगलेल्या वजनाचा आकडा पॅनेलला शिकवून, आण. वजन काढ, शून्य येतं का बघ. पुन्हा टांग.

मग वजन किंचित उचलून हळूच सोड आणि आकडा लिही. किंचित खाली दाबून हळूच सोड आणि पुन्हा लिही. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. फरक पडला तर आयडलरचं बेअरिंग जड झालंय, आणि तो फरक जगातल्या कुठल्याच गेनने जाणार नाही. त्यानंतर दोरी डाव्या कडेला घे, मग उजव्या कडेला. तिन्ही ठिकाणी आकडा जवळपास एकच हवा. डावी-उजवीत मोठा फरक आला तर एक लोडसेल गेलाय, नाहीतर त्याची वायर सैल आहे. ती शिल्डची केबल ड्राइव्हच्या केबलशेजारून नेली असशील तर वेगळी काढ, आणि शिल्डला एकाच टोकाला अर्थिंग दे.

"मॅन्युअलमध्ये नुसता आकडा भरून स्पॅन देता येतो" असं तुला कोणीतरी सांगेल. येतो. पण तो आकडा तेव्हाच खरा, जेव्हा रोलरवर फिल्म किती वळसा घेते हे पक्कं माहीत असेल. फिल्म पूर्ण उलटी फिरून परत जात असेल, म्हणजे १८० अंश, तर रोलरवर ताणाच्या दुप्पट जोर येतो. काटकोनात वळत असेल तर १.४१ पट. ६० अंशात वळत असेल तर ताणाएवढाच. रात्रपाळीच्या ऑपरेटरने जोड मारायला सोपं जावं म्हणून फिल्म एका रोलरच्या वरून नेण्याऐवजी खालून नेली, की तुझं कॅलिब्रेशन संपलं. तुझा नवा रोलर व्यासाने थोडा मोठा असला तरी वळसा बदलतो. कागदावरचा कोन खरा की मशीनवरचा, हे वजनच सांगतं. म्हणून वजन टांग.

हे मी कुठल्या मॅन्युअलमधून शिकलो नाही. सोलापूरच्या पूर्व भागात एका तेलुगू जॉबरच्या, म्हणजे माग जुळवणाऱ्या मिस्त्रीच्या, हाताखाली मी सुरुवात केली. त्या जुन्या मागांवर बीमच्या, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळाच्या, कडेला साखळी, साखळीला लिव्हर, लिव्हरवर वजन. बीम भरलेला असताना वजन लिव्हरच्या टोकाला. बीम रिकामा होत गेला की विणकर वजन एकेक खाच आत सरकवायचा. नाही सरकवलं तर ताणा ताठ होऊन तुटायला लागायचा. टॉवेलच्या मागावर तर दोन बीम, खालच्या कापडाचा ताठ आणि लूपचा सैल, दोन्हींचं वजन वेगळं सांभाळायचं. त्या जॉबरला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, हा शब्द माहीत नव्हता. पण बीमचा घेर निम्मा झाला की ब्रेकचा जोर निम्मा करायचा, हे त्याच्या हातात होतं. करंट दिला की आतली लोखंडी पावडर घट्ट होऊन धरणारा तुझा पावडर ब्रेक आणि त्याची साखळी एकच काम करतात. तुझ्या ब्रेकमध्ये वजन सरकवायच्या जागी करंट कमी होतो, एवढाच फरक.

आता हिशेब मांड, वहीत. ताण १० किलो म्हणजे साधारण १०० न्यूटन. भरलेला रोल ६०० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्रिज्या ०.३ मीटर, ब्रेकला ३० न्यूटन-मीटर द्यावे लागतात. कोअर, म्हणजे रोलच्या आतली नळी, ९० मिलिमीटर, त्रिज्या ०.०४५, तिथे फक्त ४.५. जवळपास सातपट फरक, तोही एकाच रोलमध्ये. आणि पावडर ब्रेकचा करंट शून्य केला तरी तो थोडा धरतोच. समज तो १ न्यूटन-मीटर धरतो. कोअरजवळ त्याचाच ताण २ किलोच्या वर जातो. पातळ फिल्मला तिथे दीड किलो हवा असेल तर तुझा कंट्रोलर हात जोडून उभा राहील, त्याच्याकडे कमी करायला काही उरलेलंच नसेल. अशा वेळी लहान ब्रेक लागतो. हे मालकाला हिशेब दाखवून सांगायचं असतं, नुसतं "ब्रेक बरोबर नाही साहेब" म्हणून नाही.

फिल्मला किती ताण द्यायचा हेही याच वहीत. ६०० मिलिमीटर रुंद, २० मायक्रॉनची फिल्म म्हणजे १२ चौरस मिलिमीटर. तेवढ्यावर १०० न्यूटन दिले तर बीओपीपी, म्हणजे दोन्ही दिशांनी ताणून बनवलेली पॉलिप्रॉपिलीन, अर्धा टक्काही ताणत नाही. त्याच मापाची साधी पॉलिथिन जवळपास दहापट ताणते आणि सगळी परत येत नाही. टॉवेल भरायच्या पिशव्यांसाठी तुम्ही दोन्ही चालवता. ऑपरेटर माल बदलतो आणि सेटपॉइंट तोच ठेवतो, मग छपाई सरकली म्हणून छापणाऱ्याला बोलणी बसतात.

गेनकडे आता ये. वजन टांगून झालं असेल तरच पुढचं वाच. मॅन्युअल मोडमध्ये करंट पायरीपायरीने वाढव, शाफ्टला दोर गुंडाळून ताणकाट्याने ओढून बघ, मग तसाच उतरव. चढताना आणि उतरताना आकडे थोडे वेगळे येतील, पावडर ब्रेकचा तो स्वभावच आहे. खूपच वेगळे आले किंवा धक्के बसले तर पावडरचे गठ्ठे झालेत. ब्रेक नवा असेल तर आधी हळू फिरवत थोडा थोडा करंट देऊन पावडर सगळीकडे पसरू दे. मग ऑटोवर घे आणि डी, म्हणजे तिसरा गेन, शून्य ठेव. पी हळूहळू वाढव, आकडा डोलायला लागला की निम्म्यावर आण, आणि राहिलेला फरक भरून निघेल एवढाच आय दे. हे भरलेल्या रोलवर करून घरी जाऊ नकोस. कोअरजवळ तेवढ्याच करंटच्या बदलाने ताण सातपट हलतो. भरलेल्या रोलवर शांत वाटलेलं मशीन पहाटे चारला, रोल संपत आल्यावर, थरथरायला लागतं, आणि तेव्हा तू झोपलेला असतोस. दोन्ही टोकांना बघ. कंट्रोलरमध्ये व्यासाप्रमाणे गेन बदलायची सोय असेल तर वापर.

डोलणं गेनचं आहे की लोखंडाचं, हे लयीवरून ओळख. १२० मीटर प्रति मिनिट वेगाला भरलेला रोल सेकंदाला साधारण एक फेरा घेतो, कोअरजवळ सात. डोलणं रोलच्या फेऱ्याबरोबर जलद होत गेलं तर रोल अंडाकृती आहे किंवा चक, म्हणजे रोल धरणारी पकड, सैल आहे. ८० मिलिमीटरचा आयडलर त्याच वेगाला सेकंदाला आठ फेरे घेतो, आणि रोल लहान झाला तरी आठच. तशी लय दिसली तर आयडलर बघ. या दोन्हींत पॅनेलला हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही.

थांबतानाचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. तुझा भरलेला रोल सुमारे १५० किलोचा आहे. २ मीटर प्रति सेकंदावरून २ सेकंदांत थांबायचं तर नुसता तो रोल आवरायला २३ न्यूटन-मीटर लागतात, वर ताणाचे ३०. एकूण ५३. तुझ्या ब्रेकच्या पाटीवर ५० लिहिलंय. म्हणून स्टॉप दाबला की रोल पुढे पळतो आणि फिल्म जमिनीवर येते. थांबण्याचा वेळ ४ सेकंद कर, बेरीज ४२ च्या आत येईल. आणीबाणीच्या स्टॉपला मात्र हात लावू नकोस. तिथे फिल्म गेली तरी चालेल, माणसाचा हात जाता कामा नये.

आणि उष्णता. १०० न्यूटन गुणिले २ मीटर प्रति सेकंद, म्हणजे २०० वॅट, रोल भरलेला असो वा रिकामा, मशीन चालतंय तोवर ब्रेकच्या पोटात सतत जळतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळिशीच्या वर पारा, आणि तुमच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडला पत्रा. ब्रेकच्या पंख्यावरची धूळ दर आठवड्याला काढ.

आता तू म्हणशील, काका, वजन टांगायला मशीन थांबवावं लागतं आणि मालक थांबवू देत नाही. हे मला सांगू नकोस. एका कारखान्यात, नाव घेत नाही, नवी लाइन बसवल्यावर मला कॅलिब्रेशन न करता "चालू आहे" म्हणून सही करायला सांगितलं होतं. दिवाळीची ऑर्डर होती. मी सही केली नाही, आणि महिनाअखेरीस ती नोकरी राहिली नाही. माझ्या बरोबरीचे पुढे मॅनेजर झाले. घरात त्यावर बरंच बोलणं झालं, अजून होतं. हट्टी म्हणतात मला. असेन. पण सही माझी असते, आणि न मोजलेल्या गोष्टीखाली मी ती कशी करू? मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही मला तसंच वाटतं. खंत एकच आहे. त्या लाइनवर तुझ्याच वयाची पोरं होती, शिकायला उत्सुक. मी निघून आलो आणि त्यांना दोरी कशी बांधायची हे दाखवणारं तिथे कुणी उरलं नाही. तुला हे एवढं लांबलचक लिहितोय ते त्यामुळे.

तेव्हा मालकाकडे जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. झोळाचा फोटो, या महिन्यात कापून फेकलेल्या फिल्मचं वजन आणि तिचा किलोचा भाव, एवढं एका कागदावर घे. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या पाळीतले दोन तास माग. मोठ्याने बोलू नकोस, चढ्या आवाजाचं त्यांच्याकडे काही चालत नाही, आकड्याचं चालतं. नाही म्हणाले तर परवा पुन्हा जा. तरीही नाही म्हणाले तर मला कळव. मी येईन, वजन माझ्याकडे आहे. पण बोलायचं तूच, मी शेजारी उभा राहीन.

तुझा,
काका